पहाऱ्याचा पैसा

वाणगावला उतरा, चिंचणीवरून वरोरला या आणि गावात न रेंगाळता थेट किनारा गाठा. ओहोटी लागली आहे. काळे खडक उघडे पडलेत आणि बायका-पोरं त्यांच्या खाचांतून कालवं काढतायत. दक्षिणेला तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या इमारती, उत्तरेला वाढवणचं टोक. त्या टोकापुढच्या पाण्यात अवाढव्य बंदर होणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला त्याचं भूमिपूजन झालं, खर्चाचा आकडा सुमारे ७६,००० कोटी रुपये. 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' ही घोषणा इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

बंदर आलं की गस्त येते आणि गस्त आली की तिचा खर्च कुणी उचलायचा यावरून घासाघीस होते. ती घासाघीस या पाण्यावरून एकदा होऊन गेलेली आहे. सव्वातीनशे वर्षांपूर्वी तीत एक बादशहा होता, सुरतेचा सुभेदार होता आणि तीन परदेशी कंपन्या होत्या. तुम्ही ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी म्हणून तुम्हाला इथं आणलं आहे. एक लक्षात ठेवा. तिकडं जे कामात गर्क असतील त्यांना तुम्ही दिसणार नाही. रिकामा बसलेला माणूस मात्र तुमच्याशी बोलेल.

दक्षिणेकडे पाहत राहा. आधी अणुवीज केंद्र जातं. मग विजेचे खांब, मग होड्यांवरची इंजिनं आणि त्यांचा डिझेलचा वास. सुरूची झाडं जातात. ताड आणि शिंदी राहतात. खडक जागचे हलत नाहीत, कालवं काढणारे हातही थांबत नाहीत, फक्त लुगड्यांचे रंग उतरतात. इसवी सन १६९५, भाद्रपदाचे दिवस. पाऊस अजून पुरता सरलेला नाही.

आता तुमच्या पायाखालची जमीन पोर्तुगालच्या राजाची आहे. लिस्बनहून पाहिलं तर वरोर म्हणजे समुद्रापलीकडच्या मुलखातलं एक खेडं. राजाचा विसोरेई, म्हणजे व्हाइसरॉय, गोव्यात, कप्तान दमणला आणि तारापूरच्या कोटावर फिरंग्यांचं निशाण. दमण त्यांनी १५५९ साली घेतलं, त्याला आता सहा पिढ्या झाल्या.

नारळाच्या सावलीत एक म्हातारा तांडेल मांडीवर डोल घेऊन तुटलेले आस सांधतोय. हातातली लाकडी सुई आत-बाहेर फिरते, अंगठ्यानं गाठ आवळली जाते आणि सुताचं टोक तो दातानं तोडतो. तो रिकामा नाही, पण हे काम त्याला न बघता येतं. म्हणून तो तुमच्याकडं बघतो.

"बस पाहुण्या. कोण, कुठला ते विचारत नाही. हल्ली किनाऱ्याला कोणीही लागतो."

तुम्ही विचारता, "देणं कुणाकुणाला द्यावं लागतं?"

"जमिनीचं फिरंगी जमीनदाराला. मचवा लांब न्यायचा तर ठाण्याचा परवाना, त्याचे पैसे निराळे. आणि फिरंगी पुन्हा वर चौथ देतो."

हे चौथीचं प्रकरण जरा समजून घ्या, पुढं उपयोगी पडेल. दमणच्या गावांना उपद्रव देऊ नये म्हणून पोर्तुगीज रामनगरच्या कोळी राजाला उत्पन्नाचा हिस्सा देत आलेत. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेनं रामनगर घेतलं आणि ती चौथ आता आमची, असा दावा लावला. तेव्हापासून पोर्तुगीज देतो-देतो म्हणत टाळतात, मराठे मागत राहतात. रक्षणासाठी पैसे मोजणं, त्यासाठी भांडणं, देणं थकवणं, या सगळ्याची या किनाऱ्याला चांगली सवय आहे. पण हे झालं जमिनीचं.

"आणि समुद्रावर?"

म्हातारा सुई थांबवतो. "फिरंग्याची लढाऊ गलबतं खंबायतेच्या तांड्याबरोबर वर जातात, तांड्याबरोबर खाली येतात. तांडा गेला की मागं पाणी मोकळं. मी जवान होतो तेव्हा मस्कतचे अरब वसईला उतरले होते. कोणी अडवलं?"

ती धाड १६७४ ची. अडवायला खरंच कोणी पुढं आलं नव्हतं.

याच किनाऱ्यापुढून कुठंतरी, क्षितिजापलीकडून, एक मोठं जहाज उत्तरेला चाललं आहे. डोलकाठी मोडकी, शिडं फाटकी. ते औरंगजेब बादशहाचं 'गंज-ए-सवाई'. मक्केचे यात्रेकरू आणि मोखा-जिद्द्याच्या बाजारात माल विकून आलेलं सोनं-रुपं घेऊन ते सुरतेला परतत होतं. खाफी खान हा इतिहासकार त्या काळातलाच. तो लिहितो की जहाजावर ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या आणि ५२ लाखांचं सोनं-रुपं होतं. इंग्रज दर्यावर्दी हेन्री एव्हरी 'फॅन्सी' नावाचं जहाज घेऊन वाटेत दबा धरून होता. अब्दुल गफूर या सुरतेच्या व्यापाऱ्याचं 'फतेह मुहम्मद' त्यानं आधीच लुटलं होतं. त्याच्या एका खलाशानं पुढं इंग्लंडात जबानी दिली, तीत ते लोक संजाणच्या टोकाचा रोख धरून चालले होते असं आहे. संजाण म्हणजे इथून उत्तरेला, डहाणू-घोलवड ओलांडलं की पुढं.

लढाईत गंज-ए-सवाईवरची एक तोफ फुटली आणि आपलीच माणसं मेली. एव्हरीच्या माऱ्यानं मधली डोलकाठी गेली. कप्तान इब्राहिम खान लढला नाही. मग कित्येक दिवस लूट चालली. यात्रेहून परतणाऱ्या बायकांवर जे अत्याचार झाले ते खाफी खानानं लिहून ठेवलेत. काहींनी समुद्रात उडी घेतली, काहींनी खंजिरानं जीव दिला. पुढच्या सगळ्या वाटाघाटी लाखांच्या आकड्यांत होणार आहेत. या बायका त्या आकड्यांत कुठंच येत नाहीत, म्हणून त्यांचं आधी सांगितलं.

चला सुरतेला.

तापीकाठी फुर्ज्यासमोर, म्हणजे जकातीच्या कचेरीसमोर, गर्दी उसळली आहे. जहाजावरून उतरलेली माणसं मशिदीत जाऊन आक्रोश करतायत. इंग्रजांच्या वखारीवर दगड पडतायत. सुभेदार इतिमाद खान शिपाई धाडतो आणि वखारीचा प्रमुख सॅम्युएल ॲनस्ली याच्यासकट साठाहून जास्त इंग्रजांना बेड्या घालतो. त्या बेड्यांनी ते अडकले आणि वाचलेही, कारण जमाव आत शिरला असता तर एकही उरला नसता. सुटका व्हायला पुढचं वर्ष उजाडेल.

वखारीच्या दाराशी पहारेकऱ्यांची पाळी बदलते आहे. फुर्ज्यातला एक कारकून भिंतीला टेकून पान जुळवतोय. त्याला तुम्ही दिसता.

"एका चोरासाठी सगळ्यांना बेड्या?" तुम्ही विचारता.

"चोर त्यांच्यातलाच ना? मुंबईत हे लोक आपल्या राजाच्या नावानं रुपये पाडतात. समुद्रावर परवाने आम्ही देऊ म्हणतात. मग चोर सुटला की म्हणतात, तो आमचा कोणी नव्हे." तो चुना लावता लावता थांबतो. "हेच आधी फिरंग्यांनी केलं. परवाना घ्या, आम्ही रक्षण करतो. परवान्याचे पैसे घेतले, रक्षण कोणी केलं?"

"बादशहाचं स्वतःचं आरमार नाही?"

"जंजिऱ्याचा सिद्दी आहे ना. सुरतेच्या वसुलातून त्याला पैसा तोडून दिलाय. ती गलबतं पोसायची आणि हाजींच्या जहाजांची राखण करायची, असं ठरलंय. पाच-सहा वर्षांमागं त्यानं मुंबई वेढली, शीव-माजगावपर्यंत इंग्रजांना कोंडलं. किनाऱ्यालगत तो वाघ आहे. पण मोख्याच्या वाटेवर, भर दर्यात, एव्हरीसारख्यामागं जाणारी जहाजं त्याच्याजवळ नाहीत. ती बांधायला पैसा लागतो. आणि पैसा सगळा दख्खनेत चाललाय."

पैसा कुठं चाललाय ते बघायला तुम्हाला सह्याद्री ओलांडावा लागेल. हरकाऱ्याबरोबर निघा.

भीमेच्या काठी, मंगळवेढ्याजवळ, ब्रह्मपुरीला बादशहाची छावणी पडली आहे. आज माचणूरच्या सिद्धेश्वराच्या देवळाशी गेलात तर नदीकाठचा कोट दिसतो. तोच हा परिसर. याच वर्षी मार्च महिन्यात जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत बादशहाला भेटून गेला. हिंदुस्थानात तो दमणच्या बंदरातून उतरला होता. ६०,००० घोडेस्वार आणि १ लाख पायदळ, असा त्यानं अंदाज बांधला. हत्ती, उंट आणि बाजारबुणगे निराळेच. ती छावणी हलून इथं आली आहे आणि साडेचार वर्षं इथंच राहणार आहे. धुळीत तंबूंची रांग संपता संपत नाही. मधोमध गुलालबार, बादशहाच्या तंबूंभोवतीची लाल कनात. आत बसलेला माणूस सत्त्याहत्तरीला टेकला आहे आणि १६८१ पासून दख्खनेत आहे.

इथं उभं राहिलं की सुरतेच्या कारकुनाचं म्हणणं उमगतं. एवढ्या फौजेचा पगार, दाणा, वैरण रोजच्या रोज भागवायची आहे. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव केव्हा कुठून येतील याचा नेम नाही. जिंजीला राजाराम महाराज बसलेत. समुद्रासाठी वेगळी तिजोरी उघडायला इथं कुणाला फुरसत नाही. म्हणून बादशहाच्या मनात सरळ हिशेब उभा राहतो: समुद्रावर जहाजं या टोपीकरांची, चोर यांच्यातलेच, व्यापाराचा नफा यांना. तर पहारा यांनीच करावा, तोही यांच्या खर्चानं. मला हा हिशेब अन्यायाचा वाटत नाही. त्यात खोट एवढीच की पहारा ज्याच्या हातात दिला त्याच्या हातात उद्या समुद्रही जाईल, याचा विचार गुलालबारात झालेला दिसत नाही. शिवाजी महाराजांनी तो विचार चाळीस वर्षांआधी केला होता आणि कल्याण-भिवंडीला स्वतःची गलबतं बांधायला घेतली होती.

सुरतेत उत्तरं तयार होतात. डच म्हणतात, चाचे आम्ही हुसकावतो. बदल्यात जकातमाफी द्या आणि व्यापाराचा मक्ता आम्हालाच द्या. इंग्रज म्हणतात, यात्रेकरूंच्या जहाजांबरोबर आमची जहाजं देतो. त्याचा मोबदला मिळावा. फ्रेंचांचं बळ थोडं, ते दोघांकडे बघून बोलतात. तिघांचंही एकमेकांबद्दल खासगीत म्हणणं एकच असतं, की खरा चोर शेजारच्या वखारीचा. मक्ता कुणालाच मिळत नाही. इंग्लंडात एव्हरीला पकडून देणाऱ्याला ५०० पौंडांचं इनाम लागतं, कंपनी त्यात आणखी ५०० घालते, आणि १६९६ च्या नोव्हेंबरात त्याचे काही साथीदार लंडनला फासावर जातात. एव्हरी सापडत नाही. लुटीचा आकडासुद्धा ठरत नाही. कंपनी ३,२५,००० पौंड मानते, मोगलांकडून ६ लाख पौंड सांगितले जातात.

१६९७ चा ऑगस्ट तुम्ही घाईनं ओलांडा, पण लाल समुद्राच्या तोंडाशी एक नजर टाका. मोख्याहून निघालेल्या तांड्याबरोबर इंग्रजांचं 'सेप्टर' आणि दोन डच जहाजं चालली आहेत. विल्यम किड नावाचा चाचा तांड्यात घुसू पाहतो आणि सेप्टरचा कप्तान एडवर्ड बार्लो तोफा डागत त्याच्यावर चालून जातो. किड पळतो. पहारा दिला तर तो चालतो, हे इथं लख्ख दिसतं. पण पहारा तांड्यापुरताच आहे. जानेवारी १६९८ मध्ये तोच किड मलबारच्या किनाऱ्यापुढं 'केदाह मर्चंट' धरतो. त्या जहाजावर आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर मोगल दरबारच्या एका अमीराचाही माल आहे. आता प्रकरण थेट दरबारात शिरतं.

आणि आता १६९८ चा हिवाळा, पुन्हा सुरत. इथं निवांत बसा, कारण मुख्य घासाघीस हीच आहे.

सुभेदार बदललाय. अमानत खान आहे, तापट आणि कामाला चोख. बादशहाचं फर्मान त्याच्या हातात आहे: तिन्ही टोपीकरांनी मिळून जबाबदारी घ्यावी, नाहीतर व्यापार बंद. वखारींभोवती शिपाई बसलेत. आत पाणी, लाकूडफाटा न्यायचा तरी विचारावं लागतं. वखारीचे हिंदू दलाल दोन्हीकडं ये-जा करतायत, कारण धनी आत कोंडलेला आणि घर बाहेर.

दिवाणखान्यात जाजमावर सुभेदार, त्याच्या उजवीकडं मुनशी. समोर तिन्ही वखारींची माणसं आणि प्रत्येकाचा दुभाषी. बोलणं फारसीत. कुणी तुमच्याकडं बघत नाही, सगळे कामात आहेत. कोपऱ्यात मात्र एक म्हातारा व्यापारी आपल्या पाळीची वाट बघत बसलाय. त्याची जहाजं मोख्याला जातात. त्याला तुम्ही दिसता.

"काय मागतायत?" तुम्ही हळूच विचारता.

"मुचलका मागतायत," तो म्हणतो. "लिहून द्या की यापुढं समुद्रावर जे लुटलं जाईल त्याची भरपाई आम्ही करू. टोपीकर म्हणतात, जगातल्या सगळ्या चोरांचे जामीन आम्ही कसे राहू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी जकात भरतो. टोपीकर साडेतीन टक्के देतात, आम्ही बनिये पाच देतो. पाच टक्क्यांत बंदराचं रक्षण येत नाही का? शिवाजीराजे दोनदा सुरतेवर आले तेव्हाही हेच विचारलं होतं. सुभेदार किल्ल्यात शिरला आणि दार लावून घेतलं." तो हात झटकतो. "आता हे तिघं जो पहारा देतील त्याचा खर्च कुठं टाकतील? भाड्यात टाकतील. भाडं मी मालावर चढवीन."

समोर बोलणं रंगात आलंय. डच सगळ्यांत सधन, त्यांची जहाजं जास्त. यात्रेकरूंची वाट आपल्याकडं यावी असं त्यांना वाटतं, कारण हाजींना सुखरूप नेणाऱ्याची दरबारात पत वाढते. इंग्रजांना मुचलका अर्धा वाचायचाही नाही. ॲनस्लीला बेड्यांची आठवण ताजी आहे. फ्रेंच वेळ मागतात. अमानत खान वेळ देत नाही. मुनशी लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. एकदा दुभाष्यानं एका वाक्याचा अर्थ जरा मऊ करून सांगितला तेव्हा मुनशीनं लेखणी खाली ठेवली आणि तो पुन्हा बोलेपर्यंत उचलली नाही. मसुदा तिथं तासभर अडकला.

शेवटी वाटणी होते. डचांनी मक्केच्या यात्रेकरूंबरोबर जहाजं द्यायची, लाल समुद्राच्या तोंडाशी गस्त घालायची आणि वर ७०,००० रुपये सुरतेच्या सुभेदाराकडं भरायचे. इंग्रजांनी दक्षिण हिंदुस्थानचा समुद्र राखायचा आणि ३०,००० रुपये द्यायचे. फ्रेंचांनी इराणचं आखात सांभाळायचं आणि इंग्रजांसारखीच रक्कम मोजायची.

या आकड्यांकडं नीट बघा. रोख रक्कम सगळी मिळून सव्वा लाखाच्या थोडी वर. खाफी खानाच्या ५२ लाखांपुढं ती जेमतेम चाळिसावा हिस्सा भरते. म्हणजे ही नुकसानभरपाई नव्हे. पहाऱ्याचा खर्चही नव्हे, कारण पहारा कंपन्यांनी आपल्या जहाजांनी, आपल्या पगारी खलाशांकडूनच करायचा आहे. रोख पैसा सुभेदाराकडं, गस्तीची झळ कंपनीला, आणि समुद्राचे तीन वाटे कागदावर. बादशहाचा एकही ताफा या करारानं पाण्यात उतरत नाही. आपल्या मुलखापुढचा समुद्र तीन परक्यांना नेमून देऊन वर त्यांच्याकडूनच पैसे घेणं म्हणजे फार मोठा विजय, असं त्या दिवशी दिवाणखान्यातल्या पुष्कळांना वाटत असणार. मला मात्र त्या कागदाची भीती वाटते.

कोपऱ्यातला व्यापारी उठतो. त्याचं काम राहिलंच, पाळी आलीच नाही. सुरतेचे व्यापारी म्हणजे कुणी बारकी माणसं नव्हेत. एकट्या अब्दुल गफूरचा पसारा इंग्रज कंपनीच्या तोडीचा आहे, असं अलेक्झांडर हॅमिल्टननं लिहून ठेवलंय. तरी वाटणीच्या कागदावर त्यांची सही कुणी मागितली नाही. पैसे अखेर त्यांच्याच मालातून निघणार आहेत.

वरोरला एक फेरी मारून या. तांडेल तिथंच आहे, डोल नवी आहे. लाल समुद्र, इराणचं आखात, दक्षिणेचा समुद्र ही वाटणी तुम्ही त्याला सांगितलीत तर तो विचारील, "आणि हे पाणी?" हे पाणी फिरंग्याचं, आणि फिरंगी त्या बैठकीत नव्हताच. त्याची स्वतःचीच पळापळ चालू आहे. १६९६ च्या मार्चपासून मस्कतच्या अरबांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोम्बासाचा किल्ला वेढलाय. गोव्याहून कुमक गेली, पुन्हा गेली, माणसं मेली, आणि डिसेंबर १६९८ मध्ये किल्ला पडला. एका समुद्रापलीकडच्या मुलखाच्या बचावात दुसऱ्या मुलखाचा पहारा उघडा पडला, तो असा. खाली कुलाब्याकडं कान्होजी आंग्र्यांचं नाव ऐकू यायला लागलंय. थोड्याच वर्षांत या किनाऱ्याची जहाजं त्यांचं दस्तक घेऊन जातील, आणि ज्याच्याजवळ ते नसेल त्याची गाठ आंग्र्यांच्या गुराबांशी पडेल.

आता एप्रिल १७०१, पन्हाळा. उन्हाचा तडाखा आहे. औरंगजेब गडाला वेढा घालून बसलाय. गडाखालच्या वाटेवरून एक मिरवणूक येतेय: निशाणं, वाजंत्री, गाड्यांवर पितळी तोफा. सर विल्यम नॉरिस, इंग्लंडच्या राजाचा वकील. १६९८ मध्ये इंग्लंडात दुसरी कंपनी निघाली, तिच्यासाठी सवलती मागायला हा आलाय. वाटेत ब्रह्मपुरीला वजीर असद खान होता, पण भेटीच्या रीतिरिवाजावरून तिढा पडला आणि नॉरिस त्याला न भेटताच पुढं आला. तो मान त्याला महागात जाणार आहे.

छावणीत गोष्ट पुन्हा त्याच कागदावर येऊन थांबते. सवलती हव्यात? द्या मुचलका की चाच्यांपासून आमच्या जहाजांना तोशीस लागणार नाही, आणि लागली तर भरून द्याल. नव्या कंपनीचा सुरतेचा माणूस सर निकोलस वेट यानं जुन्या कंपनीवर कुरघोडी करायला हे आधीच कबूल करून ठेवलंय. नॉरिसला ते मान्य नाही. आठवडे जातात, पाऊस लागतो, छावणी हलते, नजराणे संपतात. तंबूच्या दाराशी ताटकळलेला त्याचा एक नोकर तुम्हाला दिसेल आणि तोही तुम्हाला बघेल, कारण वाट पाहण्यापलीकडं त्याला काम उरलेलं नाही. बादशहाकडून निरोप येतो की इंग्रजांना आल्या वाटेनं परत जाणं ठाऊक आहेच. नोव्हेंबर १७०१ मध्ये नॉरिस छावणी सोडतो, वाटेत अडवला जातो, पैसे मोजून सुटतो आणि १७०२ च्या ऑक्टोबरात मायदेशी परतताना जहाजावरच मरतो. तिकडं जुन्या कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर सर जॉन गेयर सुरतेत कैदेत पडलाय आणि वर्षानुवर्षं पडून राहणार आहे.

मुचलका दोन्ही बाजूंनी हट्टाचा झाला, यात नवल नाही. 'समुद्राची जोखीम आमची' असं एकदा लिहून दिलं की जोखमीला तळ राहत नाही. ७०,००० किंवा ३०,००० मोजता येतात. मुचलका मोजता येत नाही.

पुढची वर्षं झरझर जाऊ द्या. बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरला मरतो. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, तारापूर, डहाणू एकामागून एक मराठ्यांकडं येतात. तारापूरच्या तटाखाली बाजी भिवराव रेठरेकर पडतात. मे महिन्यात वसई येते आणि वरोरवरचं फिरंगी निशाण कायमचं उतरतं. सुरतेत मात्र सिद्दीचं घोडं तिथंच अडलेलं: आरमाराचा पैसा वसुलातून मिळायचा, तो थकतो, त्यावरून नवाबाशी तंटे होतात.

थांबा ते मार्च १७५९ ला, तापीच्या काठावर. इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आहे. दिल्लीहून सनद येते, तीत किल्ल्याबरोबर मोगल आरमाराचा अधिकारही कंपनीला मिळतो. सिद्दी गेला, त्याच्या जागी कंपनी आली, आणि आरमाराच्या खर्चाला सुरतेच्या उत्पन्नातून वर्षाला २ लाख रुपयांचा तनखा ठरला. बुरुजावर दोन निशाणं आहेत, एक कंपनीचं, एक बादशहाचं.

फुर्ज्यात जा. साठ वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाचा नातू शोभावा असा एकजण पाटावर बसून रकाने आखतोय. त्याला फुरसत नाही, त्यामुळं तो तुमच्याकडं बघणार नाही. त्याच्या खांद्यावरून वाचा. १६९८ मध्ये समुद्राची गस्त घालायची म्हणून कंपनी सुभेदाराला ३०,००० देत होती. आता समुद्राच्या गस्तीसाठी सुरत कंपनीला २ लाख देणार आहे, दर साल, बनियांच्या आणि बोहऱ्यांच्या जकातीतून. कारकून आकडा मांडतो, वाळू भुरभुरतो आणि पान उलटतो.